मसाई मारातील गाइड आणि कॅम्पमधील माणसांसाठी काय न्यावे

तुम्ही लिहिले आहे की ऑगस्टमध्ये आठ जण पुण्याहून केनियाला निघणार आहात, मसाई मारातील तंबूंच्या कॅम्पमध्ये चार रात्री राहणार आहात, आणि दोन गाड्यांचे दोन गाइड व कॅम्पमधील इतर माणसे यांच्यासाठी आठ-दहा हजार रुपयांत काहीतरी चांगले न्यायचे आहे. सध्या तुमच्या यादीत चॉकलेटे, बॉलपेनांची खोकी, घरातील वापरलेले कपडे आणि पितळी गणपती आहेत. मी आजवर पाच वेळा मारात गेलो आहे आणि पहिल्या दोन खेपांना जवळपास हीच यादी मीही नेली होती, त्यामुळे पुढील मजकुराचा बराच भाग माझ्या स्वतःच्या चुकांतून आलेला आहे.

सर्वांत आधी बक्षिसीचा विषय संपवतो, कारण आपल्या लोकांचा घोळ तिथेच होतो. भेटवस्तू ही टिपेच्या जागी द्यायची नसते, टिपेच्या वर द्यायची असते. बहुतेक कॅम्प आपल्या माहितीपत्रकात अपेक्षित रक्कम सांगतात. साधारणपणे गाइडला दरडोई दिवसाला दहा डॉलर किंवा त्याहून थोडे अधिक, आणि जेवणघराजवळ किंवा स्वागतकक्षात ठेवलेल्या सामाईक पेटीत त्याहून थोडी कमी रक्कम, असा हिशेब धरला जातो. पेटीतील पैसे स्वयंपाकी, वाढपी, तंबू आवरणारे, कपडे धुणारे, रात्रीचे पहारेकरी अशा सगळ्यांत वाटले जातात, आणि त्यांतील अर्ध्या माणसांशी तुमची गाठसुद्धा पडत नाही. नोटा स्वच्छ आणि न फाटलेल्या असाव्यात. डॉलर देणार असाल तर २००९ च्या आधीच्या नोटा नेऊ नयेत, कारण त्या तिथे बरेच जण घेत नाहीत. परकी नाणी तर मुळीच देऊ नयेत, कारण ती बदलून मिळत नाहीत. शक्य असेल तर नैरोबीतच केनियन शिलिंग घेऊन ठेवावेत. जवळचे गाव तासा-दोन तासांवर असलेल्या माणसाला डॉलर बदलत बसण्याचा त्रास वाचतो. आठ-दहा हजारांची खरेदी करून टिपेत हात आखडता घेणार असाल, तर खरेदी रद्द करा आणि तेवढे पैसे पाकिटात घाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मर्यादा वजनाची आहे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारात उतरणार असाल, तर हातातील सामान धरून दरडोई साधारण १५ किलोच नेता येते आणि बॅगही मऊ कापडाची लागते. कॅमेरा आणि दुर्बीण त्यात घातल्यावर भेटींसाठी माणशी दीड-दोन किलो उरतात. नारोकमार्गे रस्त्याने जाणार असाल तर ही अडचण राहत नाही, शिवाय नारोक हे बऱ्यापैकी मोठे गाव असल्यामुळे वह्या, फुटबॉल, साबण अशा वस्तू तिथल्याच दुकानातून घेता येतात. दुकानाला स्वाहिलीत ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’ आणि लाखाला ‘लाकी’. १९२० पर्यंत त्या मुलखात चलनही रुपयाचेच होते, त्यामुळे नारोकच्या बाजारात घासाघीस करताना आपल्याला फारसे परके वाटत नाही.

आता गाइडविषयी. मारातील गाइड हा केवळ चालक नसतो. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन या संस्थेच्या कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन दर्जांच्या परीक्षा असतात. त्यांत प्राणी, पक्षी, झाडे, भूगोल आणि प्रथमोपचार यांची तयारी लागते, आणि सुवर्ण दर्जापर्यंत पोहोचणारे मोजकेच असतात. बिल्ला गाइडच्या शर्टावर दिसतो. तो कांस्याचा असेल तर पुढची परीक्षा कधी द्यायची आहे, हे सहज विचारावे. त्या एका प्रश्नातून काय द्यावे ते बहुधा कळते. पक्ष्यांचे किंवा वनस्पतींचे चांगले पुस्तक महाग असते आणि बरेच जण एकच प्रत आळीपाळीने वापरतात. मात्र पुस्तक आधीच विकत घेऊन जाऊ नये, कारण पक्ष्यांचे पुस्तक जवळजवळ प्रत्येकाकडे असते आणि गवते, झाडे किंवा कीटक यांवरचे नसते. त्याला हवे असलेले नाव विचारून परतीच्या वाटेवर नैरोबीत घ्यावे आणि कॅम्पच्या नैरोबीतील कचेरीत त्याच्या नावाने ठेवावे. कॅम्पला सामान नेणारी गाडी ते पोहोचवते.

गाइडसाठी सर्वांत मोलाची वस्तू दुर्बीण होय, आणि इथे मी स्वतः फसलो होतो. पहिल्या खेपेस मी खिशात मावणारी १० × २५ मापाची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग २५ मिलिमीटरचे असलेली, नवीकोरी दुर्बीण दिली. आकडा मोठा दिसतो म्हणून ती चांगली, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे १० × २५ मध्ये अडीच मिलिमीटर आणि ८ × ४२ मध्ये सव्वापाच. गाइडचे खरे काम पहाटे आणि सायंकाळी मंद उजेडात असते, गाडीचे इंजिन चालू असताना दहापट दुर्बिणीतील चित्र थरथरते, आणि म्हणूनच आठपट, ४२ मिलिमीटरची, पाणी व धूळ आत न जाणारी दुर्बीण त्याला दहा वर्षे पुरते. अशी नवी दुर्बीण तुमचा सगळा खर्च खाऊन टाकेल हे खरे, पण आठ जणांत कोणाच्या तरी कपाटात पक्षिनिरीक्षणाच्या जुन्या हौसेची एखादी चांगली दुर्बीण पडून असतेच. भिंगांना बुरशी नसेल आणि दोन्ही नळ्यांतून एकच चित्र दिसत असेल, तर वापरलेली दुर्बीण देण्यात काहीही कमीपणा नाही. वापरलेले कपडे आणि वापरलेली दुर्बीण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेवढे जमत नसेल तर कपाळाला बांधायचा, यूएसबीने चार्ज होणारा आणि लाल प्रकाशाची सोय असलेला टॉर्च न्यावा. टायर बदलताना दोन्ही हात मोकळे राहतात, आणि लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. पकड, स्क्रूड्रायव्हर आणि पाते एकत्र असलेले घडीचे हत्यारही कोणत्याही गाइडला आवडते. ते चेक-इनच्या बॅगेत ठेवायचे एवढे विसरू नये. पॉवर बँक याउलट हातातील बॅगेतच ठेवावी लागते. भिंतीला लावायचा चार्जर मात्र भारतातून मुळीच नेऊ नये, कारण केनियात ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात आणि आपल्या गोल पिना त्यांत बसत नाहीत. माझ्या एका सहप्रवाशाने हौसेने सहा चार्जर वाटले होते, आणि त्या सहाही जणांनी हसतमुखाने आभार मानले होते.

कॅम्पमध्ये रात्री जे पहारा देतात त्यांना ‘अस्कारी’ म्हणतात. अंधार पडल्यावर तुम्हाला तंबूपर्यंत सोडायला येणारा, आणि पहाटे साडेपाचला तंबूबाहेर कंदील घेऊन उभा असणारा माणूस तो. आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने आपण जातो, परंतु मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर आणि त्याहून उंच आहे, आणि ऑगस्टच्या पहाटे उघड्या गाडीत आपले दात वाजतात. तो माणूस त्या थंडीत रात्रभर उभा असतो. तिसऱ्या खेपेस माझ्या मावशीने गडद तपकिरी लोकरीच्या सहा कानटोप्या विणून दिल्या होत्या. वजन जेमतेम अर्धा किलो, खर्च लोकरीपुरता. दोन वर्षांनी त्याच कॅम्पमध्ये गेलो तेव्हा त्यातली एक टोपी एका अस्कारीच्या डोक्यावर होती, आणि ती मी दिलेली आहे हे त्याला आठवत नव्हते. वस्तू खरोखर वापरात आली याची त्याहून चांगली खूण मला माहीत नाही. तुमच्या घरात कोणी विणणारे असेल तर आजच सांगून ठेवा. नसेल तर साधे लोकरीचे हातमोजे आणि पायमोजेही चालतात. लष्करी ठिपक्यांचे कापड मात्र कशातही नको, कारण केनियात सामान्य नागरिकाने तसे कपडे घालणे बेकायदा आहे आणि तुमच्या भेटीमुळे तो माणूस अडचणीत येईल.

स्वयंपाक्याला सहसा कोणी काही देत नाही, आणि आपण मराठी मंडळी त्यालाच सर्वांत जास्त कामाला लावतो. कोणाला कांदा-लसूण नको, कोणाला उपवास, कोणाला तिसऱ्या दिवशी वरणभात आठवतो. बऱ्याच कॅम्पांतील स्वयंपाकी आता डाळ आणि भाजी उत्तम करतात. चपाती तर केनियाच्या रोजच्या जेवणातलीच आहे आणि तिचे नावही तेच आहे. त्याच्यासाठी सात वाट्यांचा स्टीलचा मिसळणाचा डबा न्यावा, ही माझी आवडती सूचना आहे. तो हलका असतो, फुटत नाही, त्याच्या कामात रोज लागतो, आणि त्यासोबत तुमच्या घरच्या दोन पदार्थांच्या कृती सुटसुटीत इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या तर पुढच्या मराठी पाहुण्यांचीही सोय होते. डब्यात बंद पाकिटांतील दळलेला मसाला भरून नेता येईल. अख्खे बियाणे, रोपे किंवा नारळ नेण्याच्या भानगडीत पडू नये, कारण अशा मालाला केनियात परवाना लागतो.

नारळावरून आठवले, कृपा करून शाल-श्रीफळाचा सोहळा करू नका. एका गटाने शेवटच्या रात्री जेवणाच्या तंबूत सगळ्या कर्मचाऱ्यांना रांगेत उभे करून, भाषण करून, प्रत्येकाच्या हातात पाकीट देत फोटो काढले होते. त्या वेळी इतर पाहुणे जेवत होते आणि रांगेतल्या माणसांना कुठे बघावे ते कळत नव्हते. गणपतीच्या मूर्तीबाबतही तेच म्हणेन. केनियातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, किनाऱ्याकडून आलेले काही मुसलमान असतात. मूर्ती ते नाकारणार नाहीत, पण घरी नेऊन तिचे करायचे काय हा प्रश्न त्यांच्यापुढे राहतो. त्याच पितळेचे एखादे छोटे अडकित्त्यासारखे किंवा दिव्यासारखे काही नेले तर गंमत म्हणून चालेल, मूर्ती मात्र घरीच असू द्यावी. आणि सगळे कर्मचारी मसाईच असतात असेही धरून चालू नये. कांबा, किकुयु, लुओ, किसी अशा अनेक समाजांतील माणसे शेकडो किलोमीटरवरील घर सोडून महिनेच्या महिने कॅम्पमध्ये राहतात, आणि त्यांना मसाई मण्यांची माळ भेट देणे म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला पैठणहून आणलेली साडी ‘तुमच्याकडची’ म्हणून देण्यासारखे आहे.

वापरलेल्या कपड्यांबद्दल थोडक्यात: केनियात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, त्याला ‘मितुंबा’ म्हणतात, आणि चांगला शर्ट तिथे अगदी स्वस्तात मिळतो. त्यामुळे तुमच्या जुन्या शर्टांना तिथे फारसे मोल नाही. अंगावरचे उबदार जाकीट जाताना आपखुशीने काढून दिले तर गोष्ट वेगळी. चॉकलेटे वितळतात आणि तंबूत ठेवली तर माकडे व बबून आत शिरतात. गाडीच्या खिडकीतून मुलांना पेने आणि गोळ्या वाटणे तर पूर्ण टाळावे. त्याने मुले शाळा सोडून रस्त्यावर उभी राहू लागतात. वह्या-पेने द्यायचीच असतील तर कॅम्पच्या व्यवस्थापकाला विचारून जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावीत. मसाई गावात जाणार असाल तर वाचनासाठीचे तयार चष्मे, दीड ते अडीच नंबरचे, आठ-दहा बरोबर ठेवावेत. चाळिशी ओलांडलेल्या बायका बारीक मणी सुईत ओवत बसलेल्या असतात, आणि चष्मा लावून पाहिल्यावर हवा तो नंबर त्या स्वतःच निवडतात. औषधे मात्र कोणालाही देऊ नयेत.

बांधणीसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका. केनियात त्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे आणि संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायचे प्लॅस्टिक २०२० पासून चालत नाही. खणाच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून घ्या. बऱ्याचदा आतल्या वस्तूपेक्षा पिशवीचेच कौतुक जास्त होते.

शेवटची गोष्ट देण्याच्या पद्धतीची. पहिल्याच दिवशी काही देऊ नये, कारण त्याने सेवा विकत घेतल्यासारखे दिसते. शेवटच्या दिवशी सकाळी गाइडला एकट्याला गाठून द्यावे, आणि इतरांच्या वस्तू नावानिशी व्यवस्थापकाकडे सोपवाव्यात. दुसऱ्या खेपेस मी तंबू आवरणाऱ्या मुलाला माझे जाकीट परस्पर दिले होते; सुट्टीवर घरी जाताना फाटकावर त्याची बॅग तपासली गेली, पाहुण्याची वस्तू सापडली, आणि माझ्याशी ई-मेलवर खात्री होईपर्यंत दोन दिवस त्याच्याकडे चोर म्हणून पाहिले गेले. तेव्हापासून प्रत्येक वस्तूसोबत मी चिठ्ठी देतो. तिच्यात वस्तूचे वर्णन, घेणाऱ्याचे नाव, ‘ही मी आपखुशीने भेट दिली आहे’ हे वाक्य, तारीख, तंबूचा क्रमांक आणि सही एवढे असले म्हणजे पुरते. मजकूर इंग्रजीत असावा आणि त्यावर व्यवस्थापकाचीही सही घ्यावी. अशा आठ-दहा कोऱ्या चिठ्ठ्या पुण्यातूनच छापून नेल्यात तर शेवटच्या सकाळी धावपळ होणार नाही.