ताईंचे लक्ष कुठे आहे?

प्रश्न : आमची मुलगी अडीच वर्षांची असून आम्ही दोघेही नोकरी करतो. पुण्यात घराजवळची दोन पाळणाघरे पाहिली. एकात कॅमेरे, रंगीत भिंती आणि भरपूर खेळणी आहेत. दुसरे अगदी साधे आहे. दोन्हीकडच्या ताई आमच्याशी गोड बोलल्या. मुलांकडे मनापासून लक्ष देणाऱ्या ताई ओळखायच्या कशा?

उत्तर : ताई तुमच्याशी कशा बोलल्या, याला फारसे महत्त्व देऊ नका. गाणी-गोष्टींच्या वेळीही जाऊ नका, कारण तेव्हा सगळेच उत्साही दिसतात. जेवणाच्या किंवा शी-शूच्या वेळी जा आणि अर्धा तास कोपऱ्यात बसू देण्याची विनंती करा. कपडे बदलताना ताई मुलाला काही सांगतात, की दुसऱ्या ताईंशी गप्पा मारत हात चालवतात? एखाद्याने घास नाकारला, तर तो कोंबला जातो का? पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाड्या उभ्या करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांची स्वच्छता हाही बालवाडीच्या कामाचाच भाग मानला होता. आज मात्र ते काम मावशींकडे सोपवून ताई पाटी-पेन्सिलीकडे वळतात, हे मला पटत नाही.

लक्ष देणाऱ्या ताई बहुधा जमिनीवर, मुलांच्या उंचीला येऊन बसलेल्या दिसतात. त्या प्रश्न विचारून थांबतात, कारण अडीच वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. दोघांत ओढाताण झाली की दुरून ओरडण्याऐवजी त्या जवळ जातात, आणि कडेला गप्प बसलेले मूलही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कॅमेऱ्यात आवाजातला ओलावा दिसत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. एका ताईंकडे किती मुले आहेत आणि त्या तिथे किती दिवसांपासून आहेत, हेही जरूर विचारा. वीस तान्ह्या-रांगत्या मुलांमध्ये एकट्या पडलेल्या ताई कितीही प्रेमळ असल्या तरी प्रत्येकाकडे पाहू शकणार नाहीत.

प्रवेशानंतर सुरुवातीचे काही आठवडे मुलगी निरोप घेताना रडेल. तेवढ्यावरून ताईंना दोष देऊ नये. संध्याकाळी ‘छान राहिली’ एवढ्यावर समाधान न मानता ती कशाने शांत झाली, हे विचारा. ज्यांनी तिच्याकडे पाहिले असेल, त्या ‘खिडकीतली मांजर दाखवली, मग वरणभात खाल्ला’ असे काहीतरी नेमके सांगतील.