घरी बेसचा सराव करायला ॲम्प घेताना काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: चार तारांचा बेस गिटार घेतलाय, फ्लॅटमधल्या एका खोलीत सराव करायचाय, 15 वॅटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यावा, 40 चा की थेट 100 चा? आणि घरात भावाचा गिटारचा ॲम्प पडून आहे, तोच चालेल का?

वॅटचा आकडा तूर्तास बाजूला ठेवा. आवाज बारीक ठेवल्यावर त्या ॲम्पमधून जाड तार कशी ऐकू येते, हे आधी बघायचं. घरी तुम्ही तो जवळजवळ कायम बारीक आवाजातच वाजवणार आहात, आणि बेसची खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झचा असतो. त्यानंतर ए 55, डी 73 आणि जी 98. इतक्या खर्जातल्या स्वरांना आपला कान मुळातच कमी दाद देतो, आणि आवाज जितका कमी कराल तितका हा फरक वाढत जातो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून मांडलं होतं. त्यामुळे घरच्या आवाजात ई तार पातळ, पोकळ वाटते. नवा वादक मग बेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवतो, छोटा स्पीकर फडफडायला लागतो आणि सगळा दोष ॲम्पवर येतो.

खर्ज ऐकू यायला स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते. तेवढ्याच जोराने एक सप्तक खाली उतरायचं तर चौपट. म्हणून कोनचा (स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याचा) आकार आणि स्पीकरची पेटी महत्त्वाची. 8 इंचाच्या तुलनेत 10 इंची कोनचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त भरतं. 8 इंची छोट्या पेटीतून 41 हर्ट्झ जवळपास बाहेर पडतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते 82, 123 वगैरे वरचे स्वरांश, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. सरावाचं यात फार अडत नाही. सूर, लय, तार नीट दाबली गेली की नाही, नको असलेली तार वाजतेय का, हे सगळं कळतं. फक्त अंगात उतरणारा भरदारपणा मिळत नाही. माझ्या मते रोज वाजवावंसं वाटायला तो भरदारपणा थोडा तरी लागतो, म्हणून जागा आणि पैसे असतील तर मी 10 इंची घ्यायलाच सांगेन.

आता वॅट. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे 15 आणि 25 वॅटमधल्या फरकावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. जास्त वॅटचा घरातला फायदा वेगळाच आहे: जाड तारेवर जोरात बोट पडलं तरी आवाज फाटत नाही, स्वच्छ राहतो. 40 ते 50 वॅटमध्ये हे मजेत साधतं. 100 वॅटचा घेतलात तर वाया जाणार नाही, पण घरात व्हॉल्यूमचा नॉब तळाशीच राहील आणि तिथे केसभर फिरवला तरी आवाज उडी मारतो.

नावंच हवी असतील तर फेंडर रंबल 40 आणि अँपेग आरबी-110, दोन्ही 10 इंची. जागा फारच कमी असेल तर रंबल 25 किंवा ऑरेंज क्रश बेस 25, दोन्ही 8 इंची. पुढे मित्रांबरोबर वाजवायचा बेत असेल तर रंबल 40 च्या मागे एक्सएलआर लाइन आउट आहे, म्हणजे आवाज थेट साउंड सिस्टीमला देता येतो. ड्रमर असेल आणि फक्त ॲम्पवरच भागवायचं असेल, तर मात्र 100 वॅट आणि 12 इंचाच्या खाली मी जाणार नाही.

भावाचा ॲम्प: बारीक आवाजात खुशाल वापरा. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका असतो, फार मागेपुढे होण्यासाठी बनवलेला नसतो. मोठ्या आवाजात बेस लावला तर कोन किंवा आतली कॉइल खराब होऊ शकते. ॲम्पच्या सर्किटला सहसा काही होत नाही, जातो तो स्पीकर. फडफड ऐकू आली की ताबडतोब आवाज आणि बेसचा नॉब दोन्ही खाली आणा.

फ्लॅटसाठी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. भिंती वरचे स्वर बऱ्यापैकी अडवतात, खर्ज अडवत नाहीत. तुम्हाला खोलीत नीट ऐकूही येत नसेल तेव्हा खालच्या मजल्यावर धडधड पोचलेली असते. ॲम्प जमिनीवर आणि कोपऱ्यात ठेवू नका. भक्कम स्टुलावर ठेवा, तोंड तुमच्या कानाकडे करा. असं केलं की स्वर स्पष्ट येतो आणि व्हॉल्यूम आपोआप कमी राहतो. खोलीचाही स्वतःचा स्वभाव असतो. ती 4 मीटर लांब असेल तर साधारण 43 हर्ट्झला घुमते, म्हणजे ई तारेवरच्या पहिल्या फ्रेटचा एफ अचानक फुगतो आणि शेजारचे स्वर बारीक वाटतात. अशा वेळी नॉब फिरवण्याआधी ॲम्प किंवा खुर्ची थोडी सरकवून बघा.

हेडफोन लावायची जागा असल्याशिवाय ॲम्प घेऊच नका. रात्रीचा सराव त्यावरच होणार. कान झाकणाऱ्या बऱ्यापैकी हेडफोनमध्ये खर्ज 8 इंची स्पीकरपेक्षा खरा ऐकू येतो. हेडफोन वायरचाच हवा, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि लय बिघडते. सोबत वाजवायचं गाणं मात्र ब्लूटूथने ॲम्पवर आलं तरी चालतं, ते थोडं उशिरा सुरू झालं म्हणून काही अडत नाही. नाहीतर ऑक्स इनची, म्हणजे फोन वायरने जोडायची, जागा बघा.

तुमचा सगळाच सराव रात्री होणार असेल तर ॲम्पऐवजी ऑडिओ इंटरफेस (बेसचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी छोटी पेटी) आणि हेडफोन घ्या, असंच मी सांगेन. त्याला गिटार-बेससाठी वेगळा हाय-झी इनपुट हवा. साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला, बेस लावला की वरचे स्वर मरतात.

दुकानात जाताना स्वतःचा बेस न्या. सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा, कॉन्टूर किंवा तसलं बटण असेल तर ते बंद करा. त्याने मधले स्वर कापले जातात, एकट्याने वाजवताना भारी वाटतं, पण चार वाद्यांत बेस हरवून जातो. आवाज इतकाच ठेवा की शेजारच्या माणसाशी सहज बोलता यावं. मग ई तारेवर मोकळ्या स्वरापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक फ्रेट हळू चढा. एखादा स्वर गायब होतोय का, पेटी कुठे खडखडतेय का, ऐका. शेवटी तारांवर हात ठेवून नुसते थांबा. त्या शांततेत सूं किंवा घूं असा आवाज सतत येत असेल तर घरी रात्री तो दुप्पट जाणवेल. हीच तपासणी हेडफोन लावूनही करा.

आणि पुढे पाच तारांच्या बेसवर जायचा विचार असेल तर बी तार साधारण 31 हर्ट्झची असते. मग 8 इंची घेऊ नका.