रेनेसाँची, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातली, धार्मिक चित्रं पाहून मला काहीच वाटलं नाही. ख्रिस्ती नसलेल्या माणसाला ती भिडतात का?

भिडतात. पण तुमच्या नजरेत काही खोट आहे असं मुळीच समजू नका. तुम्ही लिहिलंय की अख्खा दिवस फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात काढला, दालनामागून दालनं मरिया आणि बाळ येशू पाहिले, शेवटी नुसते पाय दुखायला लागले. आणि शेजारी एक बाई मात्र डोळे पुसत उभी होती. पहिल्या खेपेला माझंही अगदी असंच झालं होतं.

ही चित्रं मुळात ओळीने टांगून बघायला काढलेली नाहीत. प्रत्येक चित्राला एक जागा होती, एक काम होतं. कुणाच्या तरी घरातले टाक देव्हाऱ्यातून काढून, नंबर लावून काचेच्या कपाटात मांडले तर ते आपल्याला चांदीचे पत्रेच दिसतील ना? तसं होतं.

उफीझीपासून पायी वीसेक मिनिटांवर सान मार्कोचा मठ आहे. तिथे फ्रा अँजेलिको नावाच्या भिक्षूने १४४०च्या सुमारास आपल्याच मठबंधूंसाठी भिंती रंगवल्या. वर झोपायच्या खोल्यांकडे जाणारा जिना चढलात की समोर भिंतीवर देवदूत मरियेला येशू तिच्या पोटी येणार हा निरोप सांगताना दिसतो. मरिया एका साध्या तिवईवर बसलेली, हात छातीशी दुमडलेले. चित्राच्या खाली लॅटिनमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ असा की या कुमारीच्या मूर्तीसमोरून जाशील तेव्हा नमन करायला चुकू नकोस. म्हणजे आपल्या वसईची कॅथलिक मंडळी ‘नमो मरिया’ म्हणतात, ते. दिवसभराचं काम संपवून दमून वर येणाऱ्या माणसाला हे चित्र रोज आठवण करून देत होतं. आत प्रत्येक खोलीत एक खिडकी आणि एक चित्र, बस. मला तिथे पहिल्यांदा कळलं की एका माणसाने एकाच चित्राबरोबर वर्षानुवर्षं राहायचं, अशी ती योजना होती.

पण मला रडू आलं ते इटलीत नाही, फ्रान्समधल्या कोलमार गावी.

तिथल्या उंटरलिंडन संग्रहालयात माथियास ग्र्युनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं इझेनहाइमचं वेदीचित्र आहे, १५१२ ते १५१६ या काळातलं. वेदीचित्र म्हणजे चर्चच्या वेदीवर उभं करायचं चित्र; याच्या रंगवलेल्या फळ्या दारांसारख्या उघडायच्या आणि मिटायच्या. इझेनहाइमला संत अँथनीच्या नावाने चालणारा मठ होता आणि मठातच रुग्णालय. तिथे ‘अँथनीचा अग्नी’ झालेले लोक यायचे. राय नावाच्या धान्यावर बुरशी धरते, आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो त्याच जातकुळीतली. तसल्या पिठाचा पाव खाऊन अंगाची आग व्हायची, हातापायाची बोटं काळी पडून झडायची. मठात चांगला पाव मिळायचा, मलम लावायचे, आणि इलाजच उरला नाही तर हात किंवा पाय कापायचे. या रुग्णांना वेदीसमोर आणत, आणि बंद दारांवर त्यांना दिसायचा क्रूसावरचा ख्रिस्त.

हा ख्रिस्त देखणा नाही. कातडी हिरवट, अंगभर बारीक काटे रुतलेले, त्यांच्याभोवती फोड. दोन्ही पावलं एकावर एक ठेवून एकच खिळा ठोकलेला आणि ती सुजून काळीनिळी झालेली. हाताची बोटं वर ताणलेली, वेदनेने फाकलेली. अभ्यासक आणखी एक गोष्ट दाखवतात: क्रूस मधोमध नाही, थोडा बाजूला आहे, त्यामुळे दारं उघडली की ख्रिस्ताचा एक हात धडापासून वेगळा होतो. ज्याचा हात कापला गेलाय त्या माणसाने ते पाहिलं तर त्याला काय वाटत असेल?

मी तिथे गेले तेव्हा आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. शेवटचे आठ महिने ती अंथरुणाला खिळून होती. पाठीला आणि डाव्या टाचेला जखमा झाल्या होत्या, ड्रेसिंग मीच करायचे. त्या रंगांची मला माहिती होती. कडेचा पिवळा, मग जांभळा, मध्ये काळा. ड्रेसिंग करताना मी फक्त जखमेकडे बघायचे, आईच्या तोंडाकडे बघायचं टाळायचे, आणि हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. कोलमारला त्या पावलांसमोर उभी राहिले आणि वाटलं, या माणसाने हे जवळून बघितलंय. किळस न करता, घाई न करता, एकेक फोड. आणि मग तो देह त्याने वेदीवर ठेवलाय, जिथे लोक देवाला बघायला येतात. मी बाकावर बसले आणि रडले. बराच वेळ.

तुमचा खरा प्रश्न श्रद्धेचा आहे, तर त्याचंही सांगते. मी ख्रिस्ती नाही, त्या दिवसानंतरही झाले नाही. घरी देव्हारा आहे तो आहेच. पण तिथे मी केलं ते नुसतं चित्र बघणं नव्हतं, दर्शन घेणं होतं. त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. कला म्हणून बघताना आपण चित्राचं मोजमाप करतो. तिथे माझंच काहीतरी मोजलं जात होतं.

तुम्ही पुन्हा गेलात तर एवढं करा: एका दिवशी एकच चित्र. ते कुठल्या भिंतीवर होतं, तिथे कोण झोपायचं, कोण आजारी असायचं, हे आधी वाचून जा. पंधरा मिनिटं तरी बसा, फोन पिशवीत ठेवा. नाही काही वाटलं तर नाही वाटलं, जबरदस्ती करू नका.

आणि कोलमारला गेलात तर समोरून बघून परत फिरू नका. फळ्या सुट्या उभ्या केल्या आहेत, मागे जाता येतं. त्याच दाराच्या पाठीवर पुनरुत्थान आहे. रात्रीच्या आभाळात नारिंगी-पिवळ्या तेजात ख्रिस्त वर उठलाय, आणि अंगावर एकही फोड नाही. कातडी लहान मुलासारखी नितळ. खिळ्यांच्या खुणा तेवढ्या ठेवल्यात. मी कितीतरी वेळ त्याच्या पायांकडेच बघत होते, आणि मग वर तोंडाकडे पाहिलं.