७७७ मारल्यावर एकच दिवस चालतं: शेअर्ड फोल्डरच्या परमिशनबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लिनक्स सर्व्हरवरचा एक फोल्डर सांबाने (विंडोजलाही जोडता येईल असं फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) शेअर केलाय. त्यात तिघे जण काम करतात, दोघे लिनक्सवरून आणि एक विंडोजवरून. एकाने बनवलेली फाईल बाकीच्यांना उघडते, पण सेव्ह करायला गेलं की नकार मिळतो. तुम्ही सगळ्या फोल्डरवर सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना वाचण्या-लिहिण्या-चालवण्याची मुभा देणारी कमांड) मारलं, तो दिवस नीट गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं.

हे ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच’ तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. सीएचमॉड चालतं ते त्या क्षणी फोल्डरमध्ये असलेल्या फायलींवर. उद्या बनणाऱ्या फाईलचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तिच्या परमिशन ती जन्मते तेव्हाच ठरतात. त्या तिथे कोण ठरवतं, हे तुमच्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.

कळकळीने सांगतो, ७७७ पुन्हा मारू नका. मी पूर्वी एका ठिकाणी सर्व्हर सांभाळत होतो. तिथे असाच प्रश्न आला तेव्हा कुणीतरी घाईत एक पायरी वर जाऊन, होम डिरेक्टरींसकट सगळीकडे ७७७ करून टाकलं. थोड्याच वेळात की (पासवर्डऐवजी चालणारी फाईल) वापरून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर येण्याची वाट) लॉगिन करणाऱ्या सगळ्यांचं लॉगिन बंद पडलं. मालकाखेरीज आणखी कुणाला लिहिता येईल अशी होम डिरेक्टरी किंवा .एसएसएच फोल्डर दिसला, तर एसएसएच सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये ती की मानतच नाही. त्याहून वाईट म्हणजे आधी कुठल्या फाईलला काय परमिशन होती, याची नोंद कुणाकडेच नव्हती. ते निस्तरायला दोन दिवस लागले. म्हणून कशालाही हात लावण्याआधी आजच्या परमिशनची नोंद एका फाईलमध्ये करून ठेवा:

गेटएफएसीएल -आर /एसआरव्ही/काम > आधीची-स्थिती

हा मोठा आर, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. काही बिघडलंच तर सेटएफएसीएल --रिस्टोअर ने याच फाईलवरून मालक, ग्रुप आणि बिट (वाचा-लिहा-चालवा या परमिशनच्या खुणा) सगळं परत बसवता येतं, मात्र मुळाशी, म्हणजे / मध्ये उभं राहूनच, कारण गेटएफएसीएल नोंद करताना पत्त्याच्या सुरुवातीचा / काढून टाकतं. मी /एसआरव्ही/काम हा नमुन्याचा पत्ता धरलाय, तुमचा जो असेल तो घाला.

आता मूळ तपासाकडे येऊ. नकार कुठल्या दारावर मिळतोय आणि तिथे तुम्ही कुणाच्या नावाने उभे आहात, या दोन गोष्टी कळेपर्यंत काहीही बदलू नका.

संदेश नीट वाचा. ‘परमिशन डिनाइड’, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आणि ‘रीड-ओन्ली फाईल सिस्टिम’ हे तिन्ही आपण एकाच अर्थाने वाचतो, पण कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) त्या तीन वेगळ्या चुका आहेत, क्रमांक १३, १ आणि ३०. तिसरा संदेश असेल तर बिट बघायचेच नाहीत, डिस्क किंवा माउंटच (डिस्क वा शेअर सिस्टिमला जोडणं) वाचण्यापुरतं आहे. दुसरा बहुतेकदा मालकीचा असतो. दुसऱ्याच्या फाईलवर सीएचमॉड करायला गेलात, तर ती फाईल ७७७ असली तरी हाच संदेश येईल, कारण बिट बदलण्याचा हक्क मालकाला आणि रूटला (सर्वाधिकारी यूजर) असतो, बाकी कुणाला नाही. आरसिंक -ए (फायली कॉपी करणारी कमांड) ने शेअर्ड फोल्डरमध्ये फायली टाकताना ‘फेल्ड टु सेट टाइम्स’ दिसतं, त्याचंही कारण हेच. फाईलचा मजकूर गेलेला असतो, फक्त दुसऱ्याच्या फाईलवर हवी ती वेळ लावता येत नाही. फाईलला चॅटर +आय (कुणालाच बदलता येऊ नये असं कुलूप) लावलेलं असलं तरी हाच संदेश येतो, ते एलएसअॅटर मध्ये दिसेल. तुमच्या वर्णनावरून मात्र मला पहिल्याचीच शंका येते.

यापुढची कसोटी नेटवर्क बाजूला ठेवून, सर्व्हरवरच करा. ज्याला सेव्ह करता येत नाही त्याच्याच नावाने अडणाऱ्या फाईलला हात लावून बघा:

सुडो -यू त्याचं-यूजरनेम टच /एसआरव्ही/काम/अहवाल.ओडीटी

इथेच नकार आला तर दोष फाईल सिस्टिमच्या परमिशनमध्ये आहे, सांबाकडे बघायची घाई नको. इथे चाललं आणि नेटवर्कवरून अडलं तर दोष सांबाच्या सेटिंगमध्ये, क्लायंटच्या माउंटमध्ये किंवा एसईलिनक्समध्ये (परमिशनच्या वरचा आणखी एक सुरक्षा-पहारा). हे तीस सेकंदांचं काम आहे, आणि कितीतरी जण ते न करता आठवडाभर चुकीच्या फाईलमध्ये डोकं घालून बसतात.

सर्व्हरवरच अडलं, तर नेमआय -एल आणि त्यापुढे फाईलचा पूर्ण पत्ता द्या. मुळापासून फाईलपर्यंतची प्रत्येक डिरेक्टरी एकाखाली एक, मालक आणि ग्रुपसह दिसते. वाटेतल्या एखाद्याही डिरेक्टरीवर ‘एक्स’ (आत शिरण्याची परमिशन) नसेल तर आतल्या फाईलची परमिशन कितीही सैल असो, तिथपर्यंत पोचताच येत नाही. मग आयडी बघा. नुसतं ‘आयडी’ चालू सत्राचे ग्रुप सांगतं आणि ‘आयडी यूजरनेम’ नोंदवहीतले. दोन्हींत फरक दिसला तर माणसाला ग्रुपमध्ये घातलंय, पण त्याने नव्याने लॉगिन केलेलं नाही. सांबालाही हे लागू आहे. जोडणी होताना जे ग्रुप होते तेच ती तुटेपर्यंत धरले जातात, म्हणून शेअर सोडून पुन्हा जोडायला सांगा.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे. एकाला नवी फाईल बनवायला सांगा आणि लगेच सर्व्हरवर एलएस -एल करून बघा. माझा अंदाज आहे की मालक तो स्वतः दिसेल, ग्रुपही त्याचाच खासगी दिसेल, आणि बिट असे: मालकाला वाचा-लिहा, ग्रुपला फक्त वाचा, इतरांना फक्त वाचा. म्हणजे दोन गोष्टी चुकल्या आहेत. ग्रुप तुमच्या टीमचा नाही, आणि ग्रुपला लिहिण्याचा बिट नाही. एक दुरुस्त करून दुसरी तशीच राहिली तर काहीच सुधारलेलं दिसत नाही, आणि माणूस कंटाळून ७७७ कडे वळतो.

ग्रुपचा इलाज सेटजीआयडी. डिरेक्टरीवर हा बिट असला की आत बनणारी प्रत्येक फाईल डिरेक्टरीचाच ग्रुप घेते आणि आतल्या नव्या डिरेक्टरींना तो बिटही आपोआप मिळतो. टीमचा ग्रुप ‘टीम’ धरू:

सुडो सीएचग्रुप -आर टीम /एसआरव्ही/काम
सुडो सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/काम
सुडो फाइंड /एसआरव्ही/काम -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड जी+एस {} +

पहिल्या दोन्ही ओळींतल्या ‘-आर’ मधला आर मोठा. दुसऱ्या ओळीतला शेवटचा एक्सही मोठाच हवा. छोटा एक्स साध्या कागदपत्रांनाही एक्झिक्यूट बिट लावतो, मोठा तो डिरेक्टरींना आणि आधीपासून एक्झिक्यूटेबल असलेल्या फायलींनाच लावतो.

लिहिण्याच्या बिटाचं जरा वेगळं आहे, आणि इथे बरेच जाणकारही फसतात. सगळे सांगतात की यूमास्क (नव्या फाईलमधून कुठले बिट वगळायचे ते ठरवणारं सेटिंग) ००२ करा. जो एसएसएचने थेट सर्व्हरवर येऊन फाईल बनवतो त्याच्यासाठी ते बरोबर आहे. सांबावरून येणाऱ्या फाईलला मात्र यूमास्कने फरक पडत नाही, कारण सांबाची प्रक्रिया आपला यूमास्क शून्य करून ठेवते आणि बिट स्वतःच्या सेटिंगने ठरवते. ते सेटिंग म्हणजे क्रिएट मास्क, मूळ किंमत ०७४४. डिरेक्टरी मास्कची मूळ किंमत ०७५५. ग्रुपच्या जागी ४ आणि ५ दिसतात ना? ग्रुपचा लिहिण्याचा बिट तिथे कापला जातो. तुमची रोजची नवी फाईल इथेच अडते असं मला वाटतं. एसएमबी.कॉन्फ (सांबाची सेटिंग फाईल) मध्ये त्या शेअरखाली हे घाला:

क्रिएट मास्क = ०६६४
डिरेक्टरी मास्क = २७७५
फोर्स ग्रुप = टीम
रीड ओन्ली = नो

टेस्टपार्म -एस चालवून चूक नाही ना ते बघा, मग सांबा रीलोड करा. फोर्स ग्रुप लावल्यावर शेअरमध्ये आलेला प्रत्येक जण टीमचा धरला जातो, तेव्हा व्हॅलिड यूजर्समध्ये नेमके कोण आहेत हेही त्याच वेळी तपासा.

काही जण डीफॉल्ट एसीएल (फोल्डरवर लावलेली, नव्या फायलींना आपोआप मिळणारी परमिशनची यादी) सुचवतील. सांबा, एसएसएच, एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची आणखी एक पद्धत) अशा अनेक वाटांनी लोक येत असतील तर मलाही तेच आवडतं. फक्त सांबासोबत वापरायचं असेल तर इनहेरिट एसीएल्स = येस हेही लावा. आणि एक लक्षात असू द्या. एसीएल असलेल्या फाईलवर, म्हणजे एलएस -एल मध्ये शेवटी + दिसणाऱ्या फाईलवर, कुणी सीएचमॉड ६४४ केलं की ग्रुपचे बिट न बदलता एसीएलचा मास्क बदलतो. मग गेटएफएसीएल मध्ये टीमपुढे आरडब्ल्यू दिसतं आणि बाजूला ‘इफेक्टिव्ह’ म्हणून नुसता आर. चालतो तो इफेक्टिव्ह.

हे सगळं केल्यावरही अधूनमधून एखादी फाईल अडेल, आणि ती बहुतेक सर्व्हरवर एमव्ही (फाईल हलवणारी कमांड) ने आणलेली असेल. एकाच डिस्कवर एमव्ही केलं की नवी फाईल बनत नाही, जुनीच जागा बदलते, आपला जुना ग्रुप आणि जुने बिट घेऊन. तिथे सेटजीआयडीला काम करायला संधीच मिळत नाही. शेअर्ड फोल्डरमध्ये आणताना साधं सीपी (कॉपी) करा, -पी न लावता. आणि फाईलला लिहिण्याचा बिट असूनही एडिटर सेव्ह करत नसेल तर डिरेक्टरीचा बिट बघा. बरेच एडिटर बाजूला तात्पुरती फाईल लिहून तिचं नाव बदलतात, त्यासाठी डिरेक्टरीत लिहिता यावं लागतं.

तुमच्या दोन लिनक्स क्लायंटचं माउंटही तपासा. सीआयएफएस माउंट करताना (लिनक्सवर सांबाचा शेअर जोडताना) दिलेले यूआयडी, जीआयडी (यूजर आणि ग्रुपचे आकडे), फाईल_मोड हे साधारणपणे त्या मशीनवर काय दिसावं आणि तिथे कुणाला आत सोडावं एवढंच ठरवतात. सर्व्हर ओळखतो तो माउंट करताना दिलेलं यूजरनेम. दोन्ही मशीनवर एकाच माणसाचं यूजरनेम-पासवर्ड घातलं असेल तर सर्व्हरच्या लेखी तो एकच माणूस आहे. एसएमबीस्टेटस चालवलं की कोण कुणाच्या नावाने जोडलंय ते समोर येतं. यूआयडी न देता रूटने माउंट केलं असेल तर सगळ्या फायली रूटच्या दिसतात आणि क्लायंटच लिहू देत नाही. तिथून सीएचमॉड मारून सर्व्हरवरचे बिट सहसा बदलत नाहीत, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

पुढे कधी एनएफएसवर गेलात तर तिथे नेहमीच्या पद्धतीत नावांना किंमत नाही, आकड्यांना आहे. एका मशीनवर तुम्ही १००० आणि दुसऱ्यावर १००१ असाल, तर नाव सारखं असूनही तुम्ही परके. एलएस -एलएन ने आकडे पडताळून बघा. रूट स्क्वॉश मुळातच चालू असतो, म्हणून क्लायंटचा रूट सर्व्हरवर ‘नोबडी’ होतो आणि रूटने चालणारं बॅकअप अडतं. शिवाय विनंतीसोबत फार तर १६ ग्रुप जातात. त्याहून जास्त ग्रुपमध्ये असलेल्या माणसाचा नेमका हवा तो ग्रुप गळू शकतो.

सर्व्हर फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातला असेल तर एसईलिनक्स विसरू नका. बिट सगळे बरोबर, सर्व्हरवर टच चालतं, नेटवर्कवरून मात्र नकार, अशी त्याची खूण. एलएस -झेड ने लेबल बघा, तिथे सांबा_शेअर_टी हवं. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नियम घालून रीस्टोरकॉन चालवा. एसईलिनक्स कायमचं बंद करू नका, हवं तर एकदा ऑसर्च -एम एव्हीसी चालवून नकार खरोखर त्याचाच आहे का ते पडताळा.

आता मला चार गोष्टींचा निकाल हवा: नव्या फाईलचं सर्व्हरवरचं एलएस -एल, त्याच फाईलचं नेमआय -एल, ज्याला अडतंय त्याच्या नावाने केलेलं टच, आणि टेस्टपार्म -एस मधला तुमच्या शेअरचा भाग. पासवर्ड आणि खऱ्या माणसांची नावं काढून टाका, यूजरनेमच्या जागी अ, ब, क चालेल. टच सर्व्हरवरच अडलं की नेटवर्कवरून, हे पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे मला पुढचं सांगता येईल.