सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमधून) भरलेली '१२-०३-६५' ही जन्मतारीख मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०६५ का दिसते?

कारण दोन अंकी साल मिळालं की मायएसक्यूएल ०० ते ६९ हे २०००-२०६९ धरतं आणि ७० ते ९९ हे १९७०-१९९९. ६५ पहिल्या गटात पडतं. शिवाय त्याला साल-महिना-दिवस हाच क्रम कळतो. म्हणजे '१२-०३-६५' फाइल भरणाऱ्या तुमच्या स्क्रिप्टने आधी उलटून '६५-०३-१२' केली असणार, पण शतक लावलंच नाही. हा नियम मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे, बग नव्हे. गोची अशी की दोन शतकांमधली ही सीमारेषा प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी. पायथन भाषेतलं तारीख वाचणारं फंक्शन स्ट्रपटाइम (strptime) ६९ ला १९६९ म्हणतं, मायएसक्यूएल २०६९. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची डीफॉल्ट सीमा २०४९, त्यामुळे तिथे ५० म्हणजे १९५०. एकच फाइल अशा दोन वेगळ्या डेटाबेसवर चढवली तर काहींच्या वयात १०० वर्षांचा फरक!

दुरुस्ती:
- आधी टेबलाचा बॅकअप.
- जन्मतारीख आजच्या तारखेपुढची असलेल्या ओळी शोधा आणि डेट_सब (DATE_SUB) या तारखेतून काळ वजा करणाऱ्या फंक्शनने त्यातून १०० वर्षं वजा करा.
- पुढच्या वेळी चार अंकी साल करूनच इम्पोर्ट करा.

मात्र १९२१ साली जन्मलेल्या आजोबांचं '२१' हे २०२१ झालेलं असेल, आणि ती तारीख भविष्यातली नसल्याने या चाळणीतून निसटेल. असे 'तान्हे' पेन्शनर मूळ कागदपत्रांशी ताडूनच सापडतात. कर्जफेडीच्या किंवा पॉलिसीच्या मुदतीच्या कॉलमवर हा उपाय चालवू नका, तिथे २०४५ खरंच २०४५ असतं.