तिचा प्रकल्प खोटा नाही

पत्राचा सारांश: मुलगी जळगावला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तिला 74 टक्के गुण आहेत. प्रकल्पासाठी तिने प्रोसेसर आणि कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान स्मृती) यांच्या कामगिरीचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर केलेली नक्कल, घेतले आहे. हातात चिप नाही, बोर्ड नाही; असल्या खोट्या प्रकल्पावर नोकरी कोण देणार? तो सोडून पुण्यात वेब डेव्हलपमेंटचा कोर्स करायला तिला समजवावे. – एक पालक, रावेर तालुका

उत्तर: आपले पत्र मी दोनदा वाचले. मुलीच्या गुणांची मला चिंता वाटली नाही. वाटली ती याची, की दोन पानांच्या पत्रात पुतण्याचे पॅकेज आहे, भाऊबंद काय म्हणतील ते आहे, केळीच्या बागेवर काढलेले कर्जही आहे, परंतु मुलीचे स्वतःचे म्हणणे एका ओळीतही नाही. कर्जाचा घोर मी हलका मानत नाही. मात्र त्यापायी तिचे काम न पाहताच खोटे ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सिम्युलेशन म्हणजे लुटुपुटीचा खेळ, हा समज आधी सोडावा. चिप तयार करायला वर्षे आणि कोट्यवधी रुपये लागतात, म्हणून तिचा आराखडा आधी सिम्युलेटरवरच तपासला जातो. एक उदाहरण पाहा. 1024 ओळी आणि 1024 रकान्यांचा तक्ता सी भाषेत, म्हणजे ओळीमागून ओळ असा, साठवला आहे, प्रत्येक आकडा 4 बाइटचा आहे आणि कॅशमध्ये माहिती 64 बाइटच्या गठ्ठ्याने, म्हणजे 16 आकडे एकदम येते. ओळीने वाचत गेल्यास सोळांतून एकदाच कॅशबाहेर, म्हणजे संथ मुख्य स्मृतीकडे, जावे लागते. तोच तक्ता रकान्याने वाचला, तर प्रत्येक सेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, आठ गठ्ठे मावणाऱ्या 32 केबीच्या आठ-वे कॅशमध्ये प्रत्येक वेळी बाहेर जावे लागते, कारण रकान्यातले सगळे आकडे एकाच सेटवर येऊन पडतात आणि तिथे जागा आठच गठ्ठ्यांची असते. खऱ्या प्रोसेसरची कॅश उघडून तिची रचना बदलता येत नाही. जेम-फाइव्हसारख्या सिम्युलेटरमध्ये ती बदलून परिणाम मोजता येतो.

तिलाही एक स्पष्ट सांगणे आहे. सिम्युलेटरने दिलेला आकडा तसाच अहवालात उतरवू नये. तोच प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर लिनक्सच्या पर्फ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाने मोजावा, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर ते का जुळले नाहीत हे लिहावे. मुलाखतीत तिची परीक्षा तिथेच होईल. सोबत सी प्लस प्लस पक्के करावे.

या क्षेत्रात जागा थोड्या असतात, बहुतेक ठिकाणी एम.टेक. मागतात आणि कामासाठी बंगळूर किंवा हैदराबाद गाठावे लागते, हे मी लपवणार नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा मार्ग आपणांस ठाऊकच असेल. कॅश हा विषय त्याही अभ्यासक्रमात आहे.

म्हणून तिला समजवण्याचे काम मी करणार नाही. येत्या रविवारी ती घरी आली की तिच्या शेजारी बसा आणि ओळीने व रकान्याने वाचलेल्या तक्त्याचे दोन्ही निकाल तिला समजावून सांगायला लावा. पुण्याच्या कोर्सची फी भरायची की नाही, हे त्यानंतर तिलाच विचारा.