आधी घरचं, मग दारचं?

चि. ईशानला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आजोबा म्हणतात आधी घरचं बघावं, आपल्यात असंच असतं. मग तू आफ्रिकेत पैसे का पाठवतेस?" मी ऑफिसला निघाले होते, म्हणून नुसतं 'नंतर सांगते' म्हटलं. आता सांगते. आजोबांनाही वाचून दाखव, म्हणजे त्यांचा चष्मा शोधायला नको.

आजोबांचं म्हणणं खोटं नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा-पेठकडे, पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरतात. तिथे द्यायलाच हवं. मी देतेही, आजोबांच्याच हातून. पण घरचं सगळं मार्गी लागलं की मग बाहेरचं, असं म्हटलं तर बाहेरच्याची पाळी येणार कधी? घरचं कुणाचं संपलंय आजवर?

१९७२चा दुष्काळ आजोबांना विचार. तेव्हा ते सिन्नरला होते, साधारण तुझ्याच वयाचे. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना तुटायची, पणजी रोज तिच्या नावाने खडे फोडायची आणि रोज तीच भाजायची. मिलोचं सोड, तिचे पैसे आपल्या देशाने मोजले होते. पण पोरांना वाटलेला सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ आजोबांनी मिटक्या मारत खाल्लाय, आणि त्याच्यामागे केअर या अमेरिकी संस्थेची मदत होती. अमेरिकेत तेव्हा गरीब नव्हते थोडेच!

त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. त्याचा खर्च दहा वर्षं उचलायचं बोस्टनमधल्या लोकांनी कबूल केलं होतं. इकडून तिकडे गेलेलेही आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. वय अवघं ३२. तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता, म्हणजे घरची अडचण काही लहान नव्हती.

आता माझे पैसे जातात कशाला, ते. चाड नावाच्या देशात नारू हटवायला. नारू काय असतो ते आजीला विचार, फक्त जेवताना विचारू नकोस. तिच्या माहेरी पायऱ्यांची बारव होती. पाण्यातल्या अगदी बारीक किड्यांमधून नारूची अळी पोटात जाते आणि वर्षभराने पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो, कधी कधी मीटरभर लांब. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणावर, ऐन पेरणीत सुद्धा. पाय जळतो म्हणून त्याने तो बारवेत बुडवला, की पुन्हा सगळं पाणी बाधलं. यावर लस नाही, औषध नाही. पाणी गाळून प्यायचं, बाधलेला पाय पाण्यात घालू द्यायचा नाही, हातपंप बसवायचे, पाण्यातले किडे मारायचे. एवढंच गावोगाव नेटाने केलं आणि भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला नारूमुक्त म्हटलं.

१९८६ मध्ये जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. आता वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा उरलेत, चाड, दक्षिण सुदान अशा देशांत. हे थोडकेच सगळ्यात महाग पडतात, कारण त्यांच्यासाठी हजारो गावांवर पहारा ठेवावा लागतो, कुत्र्यांवरसुद्धा. चाडमध्ये त्यांनाही नारू होतो. आपला पाय सुटला म्हणून तिथल्या मुलाला 'तुझं तू बघ' म्हणायचं, हे मला जमत नाही.

आजोबा म्हणतील, डोळ्यांसमोर दिलेलं बरं, लांबच्या पैशाचा काय भरवसा? रास्त आहे. म्हणून मी हिशोब आणि रुग्णांचे आकडे दरवर्षी छापणारी संस्था निवडली. (देवळाच्या दानपेटीचा हिशोब आजोबांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही, पण हे वाचून दाखवू नकोस.) आणि सिंहस्थात नाशिकच्या अन्नछत्रांत कोण कुठला ते कुणी विचारत नाही. नेपाळहून आलेला साधूही पंगतीला बसतो. आजी स्वतः वाढायला गेली होती गेल्या वेळी.

तुझ्या वाढदिवसाच्या पैशांतले काही द्यायचे म्हणालास, ते कुठे द्यायचे ते तूच ठरव. सुरगाण्याला दिलेस तरी मी नाराज होणार नाही. आजोबांना अजून पटलं नसेल तर त्यांचं कारण लिहून घे आणि मला पाठव. फक्त 'आपल्यात असंच असतं' हे कारण चालणार नाही. रमाबाई आणि कोटणीस आपल्यातलेच होते.

तुझी,
आई